कुसळं, चतुर आणि चिखलाचा किल्ला

तेरड्याची टम्म फुगलेली शेंग चिमटीत धरा. अगदी हलकेच. फट्! शेंगेची सालं झटक्यात आत गुंडाळली जातात आणि बिया चौफेर उडतात. तीन वर्षांच्या मुलाला याहून मोठी जादू दाखवायची गरजच नाही, आणि ती सप्टेंबर-ऑक्टोबरात कुंपणाकडेला फुकट मिळते. शेंग मात्र पिकलेली निवडायची. कोवळी कितीही दाबली तरी ढिम्म हलत नाही.

बालवाडीच्या भिंतीवर या दिवसांत लाल-केशरी मेपलची पानं लागतात. चित्र छान दिसतं, पण आपली पानगळ येते शिशिरात. आपला शरद निराळा आहे. पाऊस सरलेला, गवत पिकायला लागलेलं आणि जो तो प्रवासाला निघालेला! बिया निघाल्यात, किडे निघालेत, पाहुणे पक्षी येऊन पोचताहेत. मुलांना त्यांच्या वाटेवर नेऊन उभं केलं की निम्मं काम झालं.

पहिला खेळ मोज्यांचा. मोठ्यांचे जुने मोजे मुलांच्या बुटांवरून चढवा आणि गवतातून दहा मिनिटं मनसोक्त हुंदडू द्या. (काटेरी गोखरू असेल ती जागा टाळा.) परत आल्यावर मोज्यांना काय काय चिकटलंय ते भिंगातून पाहा. आघाडा हमखास सापडेल, कुसळं तर असणारच. १९४१ साली स्वित्झर्लंडमधले इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल फिरून आले, तेव्हा त्यांच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना अशाच चिकट्या फळांचे गोळे लागले होते. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर टोकाटोकावर बारीक आकडे! त्यातूनच पुढे वेल्क्रो जन्माला आलं. मुलांच्या सँडलवर ‘चर्रर्र’ वाजतं तेच ते. आता मोजे धुऊ नका. कुंडीतल्या मातीवर पसरा, वर चिमूटभर माती घाला आणि रोज पाणी शिंपडा. काही बिया लवकर उगवतील, काही पुढच्या पावसाळ्यापर्यंत झोपून राहतील.

एक कुसळ मात्र आधीच बाजूला काढून ठेवा. त्याचं टोक बोचतं, म्हणून ते मोठ्यांनीच धरायचं. मागच्या लांब, पीळदार केसावर पाण्याचा एक थेंब सोडा. पीळ उलगडत जातो आणि कुसळ आपोआप गरगर फिरायला लागतं! वाळलं की पीळ परत बसतो. दव आणि ऊन यांच्या आलटून-पालटून खेळात हे बी स्वतःला जमिनीत असंच खुपसत नेतं.

संध्याकाळी मैदानावर घिरट्या घालणारे पिवळसर-तांबूस चतुर पाहिलेत? या चिमुकल्या जिवांची गोष्ट मुलांना सांगितलीच पाहिजे. मालदीवमध्ये दर ऑक्टोबरात चतुरांचे थवेच्या थवे उतरतात. तिथल्या बेटांवर त्यांना अंडी घालायला गोडं पाणी जवळपास नाहीच, मग हे येतात कुठून? चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ साली मांडलं, की हे चतुर भारताकडून येतात आणि वाऱ्याच्या साथीनं समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. पावसानं साचलेल्या डबक्यांच्या शोधात हा फेरा चालतो. जाणारे वेगळे, परतणारे त्यांची मुलं-नातवंडं! पूर्वी पोरं चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायची. तो खेळ आता कृपा करून शिकवू नका. ज्याला समुद्र पार करायचाय, त्याला आपण का अडवायचं?

त्याऐवजी चतुर बनवायचा. धड नारळाच्या झावळीच्या हिराचं, डोळे दोन मिऱ्यांचे, आणि पंखांसाठी पिंपळाच्या जाळीदार पानाहून सरस काही नाही. नवरात्रात पानं पाण्यात भिजत घाला. वास मारायला लागला की पाणी बदला. दोन-चार आठवड्यांत हिरवा गर कुजून सुटतो, चिवट शिरा तेवढ्या उरतात. मग जुन्या टूथब्रशनं हलकेच घासायचं, बशीत धुवायचं आणि वहीत दाबून वाळवायचं. चिकटवायला कणकेची खळ उत्तम. फक्त जुन्या पद्धतीनं तिच्यात मोरचूद घालू नका, ते विषारी असतं.

धोबी पक्षीही याच सुमाराला उत्तरेकडून येतो. शेपटी सारखी वर-खाली करत अंगणात तुरुतुरु चालतो. पहिला दिसेल त्या दिवशी मुलाच्या हातानं कॅलेंडरवर पक्षी काढून घ्या. पुढच्या वर्षी तारीख ताडून पाहता येईल.

आणि झेंडू? दसऱ्याला दारोदारी मिरवणारा हा पठ्ठ्या मूळचा मेक्सिकोकडचा! त्याचं एक फूल म्हणजे पुष्कळ छोट्या फुलांचं संमेलन असतं. सुकल्यावर सोडवून पाहा, पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या काड्यांसारख्या बिया दिसतील. तोरण उतरवलं की टाकू नका. पाकळ्या उकळून गाळा. पांढऱ्या सुती रुमालाला मुलांकडून दोऱ्यानं गच्च गाठी मारून घ्या, तो तुरटीच्या पाण्यात भिजवा, मग या रंगात. गाठी सोडल्यावर पिवळ्या रुमालावर पांढरी वर्तुळं उमटतात. उकळण्याचं काम अर्थात आपलं.

आता चिखल. दिवाळीचा किल्ला म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलांची सर्वात मोठी हस्तकला, आणि मला तीच सर्वात प्रिय आहे. २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. यादीत चिमुरड्यांना जमण्यासारखेही आहेत. लोहगड घ्या: एक डोंगर आणि त्यातून लांबच लांब निघालेला विंचूकाटा. मातीचा गोळा आणि मातीचीच शेपटी, झाला गड! नाहीतर सिंधुदुर्ग. घमेल्यात मधोमध मातीचं बेट, भोवती तटबंदीचे खडे आणि कडेनं पाणी. दगडविटांवर चिखलात बुडवलेलं पोतं टाकलं की मोठा किल्लाही भराभर उभा राहतो. प्लास्टरचे तयार किल्ले बाजारात मिळतात, पण त्यात कोपरापर्यंत हात माखत नाहीत. मग मजा कसली?

हिरवळीसाठी हळीव. वाटीभर पाण्यात चमचाभर टाका आणि मुलाला बोट बुडवू द्या. प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत गोळा तयार झालेला असतो. त्यामुळेच हळीव उतारावरही मातीला धरून राहतो, दोन-तीन दिवसांत कोंब काढतो आणि धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी पेरला तर पाडव्यापर्यंत गड हिरवागार होतो. बिया धुऊन जाऊ नयेत म्हणून फवाऱ्याची बाटली मुलाच्या हाती द्या आणि रोज सकाळचं पाणी घालायचं काम त्यालाच सोपवा. महादरवाज्यावर मावळ्यांशेजारी त्यानं डायनोसॉर पहाऱ्याला उभा केला, तर राहू द्या. गड त्याचा आहे.