प्रतिपिंडांची पातळी आणि मूत्रपिंडाचे भवितव्य

विश्रांतवाडीतील एखाद्या रुग्णाला घरात दाता मिळाला नाही, तर मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी त्याची नोंद रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे होते. परंतु दाता घरचा असो वा परका, रक्तगट जुळणे ही केवळ पहिली पायरी असून, दात्याच्या पेशींवरील एचएलए नावाच्या ओळखदर्शक प्रथिनांविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी, आधीच आहेत का, हे तपासणे निर्णायक ठरते. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ मध्ये हे आकड्यांनिशी दाखवले: दात्याच्या लिम्फोसाइट पेशींना मारक ठरणारी प्रतिपिंडे असलेल्या ३० रुग्णांपैकी २४ जणांचे नवे मूत्रपिंड तत्काळ निकामी झाले, तर ती नसलेल्या १९५ पैकी केवळ ८ जणांचे.

पतीचे मूत्रपिंड पत्नीला देताना ही चाचणी विशेष महत्त्वाची ठरते, कारण गर्भाच्या पेशींवर पित्याचीही प्रथिने असल्याने बाळंतपणानंतर आईच्या रक्तात नेमकी त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे राहू शकतात. पूर्वी घेतलेल्या रक्तामुळेही ती निर्माण होतात.

आज एचएलए प्रथिने बसवलेल्या सूक्ष्म मण्यांवर रक्तद्रव तपासून मण्यांच्या चकाकीवरून एमएफआय हा आकडा काढतात. तो मोठा असल्यास धोका सहसा वाढतो, मात्र ते प्रतिपिंडांचे थेट मोजमाप नव्हे; प्रतिपिंडे अतिशय जास्त असल्यास तो फसवा कमीही येतो. म्हणूनच केवळ त्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. प्रत्यारोपणानंतर नव्याने उद्भवणारी प्रतिपिंडे तर मूत्रपिंडाचे काम बिघडल्याचे दर्शवणारे रक्तातील क्रिएटिनिन वाढण्यापूर्वीच दिसू शकतात.