पूर्वींचा अपराध आणि सैन्याची भरती

सातारा-कोल्हापूरकडील एखाद्या मोठ्या गांवाच्या रस्त्यावर पहाटे उभें राहिल्यास धांवणाऱ्या तरुणांची टोळी दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहीं. सोळाशें मीटर किती मिनिटांत कापतां येतात, याच चिंतेंत त्यांचे दिवस जातात. परंतु त्यांपैकीं एखाद्याच्या मनांत निराळीच भीति घर करून असते, आणि तिची वाच्यता तो आईबापांपाशींहि करीत नाहीं. मागें एका मिरवणुकींत मारामारी झाली, पोलिसांनीं चौघांबरोबर त्याचेंहि नांव लिहून घेतलें, पुढें तडजोड होऊन प्रकरण मिटलें. तें आतां आड येईल काय? हा प्रश्न एकट्या त्या तरुणाचा नाहीं. म्हणून त्याचा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

सैन्यानें माणूस पारखून घ्यावा, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. ज्याच्या हातीं राष्ट्र शस्त्र देतें, त्याचें पूर्वचरित्र पाहणें हें राष्ट्राचें कर्तव्यच होय. भरतीच्या वेळीं सरपंचाचा किंवा नगरपालिकेचा चारित्र्याचा दाखला मागतात, पोलिसांकडून चौकशी होते, आणि अटक, खटला वा शिक्षा झाली आहे काय, असें उमेदवारास लेखी विचारलें जातें. खरी कसोटी येथेंच लागते. गांवांतील शहाणे म्हणविणारे लोक कानांत सांगतात, ‘नाहीं असें लिही, मिटलेलें प्रकरण कोण उकरून काढतो?’ हा सल्ला आम्हांस त्या मारामारीहून अधिक घातक वाटतो.

कायदा काय म्हणतो तें पाहूं. तडजोडीस पात्र अशा गुन्ह्यांत न्यायालयासमोर रीतसर तडजोड झाली म्हणजे तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच होतो. अठरा वर्षांच्या आंतील मुलाच्या हातून अपराध घडला असेल, तर कांहीं गंभीर प्रकार वगळतां, त्यामुळें पुढें कोणतीहि अपात्रता येऊं नये, असें बालन्यायाचा २०१५ चा कायदा सांगतो. आणि २०१६ सालीं अवतार सिंग यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सरकारी नोकरीपुरते याविषयींचे नियम स्पष्ट घालून दिले. विचारलेली माहिती खरीच दिली पाहिजे; मात्र लहान वयांत घोषणा दिल्या, अशासारखा क्षुल्लक अपराध लपविला गेला असल्यास नोकरी देणाऱ्यानें स्वविवेकानें त्याकडे दुर्लक्ष करावें, असा त्याचा आशय आहे. तत्पूर्वीं २०११ सालीं दिल्ली पोलिसांत भरती होऊं पाहणाऱ्या एका तरुणाचें प्रकरण त्याच न्यायालयापुढें आलें होतें. मारामारीचा मिटलेला खटला त्यानें अर्जांत नमूद केला नव्हता. तरुणाच्या चुकीकडे वडीलधाऱ्याच्या दृष्टीनें पाहावें, त्यास जन्मभर गुन्हेगार म्हणून डागूं नये, असें म्हणून न्यायालयानें त्याच्याच बाजूनें निकाल दिला.

यावरून ‘लपविलें तरी चालतें’ असा अर्थ कोणी काढील, तर तो फसेल. न्यायालयाची क्षमा एखाद्यासच मिळते, आणि तीहि कित्येक वर्षें खेटे घातल्यानंतर. आमच्या व्यापारी वाचकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पेढीवर मुनिमाच्या हातून आंकडा चुकला आणि तो त्यानें आपण होऊन दाखविला, तर मालक दोन शब्द बोलतो व पुढें त्याच मुनिमास कामावर ठेवतो. परंतु वहीचें पान फाडणारा मुनीम, रक्कम पांच रुपयांची असो कीं पांचशेंची, दुसऱ्या दिवशीं पेढीवर दिसत नाहीं. चूक हा हाताचा दोष होय. पान फाडणें हा नियतीचा.

येथवर उपदेश तरुणास झाला. आतां सरकारासहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. त्याच २०१६ च्या निकालानें, खरें सांगणाऱ्यासहि नाकारण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याच्या हातीं ठेविला आहे. म्हणजे सत्य सांगणारा धोका पत्करतो, आणि लपविणारा न पकडला गेल्यास सुखानें वर्दी चढवितो! १४ जून २०२२ रोजीं अग्निपथ योजना जाहीर झाल्यावर बिहारपासून तेलंगणापर्यंत तरुणांचा क्षोभ उसळला. आगगाड्या जाळल्या गेल्या, आणि सिकंदराबादेस पोलिसांच्या गोळीबारांत एक तरुण प्राणास मुकला. १९ जून रोजीं सेनाधिकाऱ्यांनीं जाहीर केलें कीं, आपण या दंग्यांत नव्हतों असें प्रत्येक उमेदवारास लिहून द्यावें लागेल, आणि ज्याच्यावर फिर्याद असेल त्यास प्रवेश नाहीं. जाळपोळ करणाऱ्यांची तरफदारी आम्ही करीत नाहीं; परंतु फिर्याद म्हणजे निकाल नव्हे. जमावांत उभ्या असलेल्या निरपराध मुलाचें नांवहि फिर्यादींत येऊं शकतें. अमेरिकेच्या सैन्यांत पूर्वीं लहानसा अपराध घडलेल्या उमेदवारास वरिष्ठांकडून लेखी सूट मागतां येते, आणि प्रत्येक प्रकरणाचा निर्णय स्वतंत्रपणें होतो. आमच्याकडेहि कोणते अपराध क्षुल्लक समजावयाचे हें आधींच छापून प्रसिद्ध व्हावें. नकार द्यावयाचा तर सकारण द्यावा, आणि त्यापूर्वीं उमेदवाराचें म्हणणें ऐकून घ्यावें. सत्य सांगणें सुरक्षित केल्यावांचून सत्याची अपेक्षा करणें हा न्याय नव्हे.

राहतां राहिलों आपण नागरिक. मुलांच्या भांडणांत आपलें जुनें वैर साधण्यासाठीं चौकीवर फिर्याद नेणारे, आणि स्वतः ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या मुलांस दगड उचलावयास सांगणारे, असे दोन्ही प्रकारचे सद्गृहस्थ प्रत्येक पेठेंत आहेत. मुलाचें नांव पोलिसांच्या वहींत चढलें म्हणजे त्यांचें कांहींच जात नाहीं. एका शेतकऱ्याच्या घरची दहा वर्षांची आशा मात्र जाते. समजुतीनें मिटण्यासारखा तंटा चार वडीलधाऱ्यांनीं बसून मिटवावा. त्यांत अपराधास पाठीशीं घालणें नाहीं. अपराध ज्या मापाचा, तेवढेंच शासन त्यास व्हावें, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

आणि पहाटे धांवणाऱ्या त्या तरुणास आमचें सांगणें असें: न्यायालयाच्या निकालाची प्रत काढून जवळ ठेव, आणि प्रश्न विचारला असेल तेथें घडलें तें लिही. त्यानें तुझी निवड होईलच, असें वचन आम्हांस देतां येत नाहीं. परंतु ज्याला सीमेवर निर्भयपणें उभें राहावयाचें आहे, त्यानें कागदापुढें भिऊन चालावयाचें नाहीं.