बेरजेकडून गुणाकाराकडे : गट पाडून अवयव काढण्याची रीत

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथात १३५ ला १२ ने गुणण्याचे एक उदाहरण आहे. ते सोडविण्याच्या रीतींपैकी एक अशी : १२ चे ८ आणि ४ असे दोन खंड करावेत, १३५ ला प्रत्येक खंडाने गुणावे आणि येणारे १०८० व ५४० हे गुणाकार मिळवावेत. उत्तर १६२० येते. गुणकाचे तुकडे पाडून गुणले तरी एकूण गुणाकार बदलत नाही, हा या रीतीचा आधार होय. यालाच आज आपण वितरणाचा नियम म्हणतो.

हाच नियम उलट दिशेने वापरला की अवयव मिळतात. १०८० + ५४० या बेरजेतील दोन्ही पदांत १३५ सामाईक आहे हे ओळखून तो कंसाबाहेर काढला, म्हणजे १३५ (८ + ४) असे रूप येते. अडचण उत्पन्न होते ती सर्व पदांना सामाईक असा एकही अवयव नसतो तेव्हा. उदाहरणार्थ, पुढील बहुपदी पाहा :

अब + ३अ + २ब + ६

चारही पदांत सामाईक असे येथे काही नाही. परंतु पहिल्या दोन पदांत अ आहे, आणि शेवटच्या दोहोंत २ आहे. म्हणून दोन-दोन पदांचे गट पाडू :

अ (ब + ३) + २ (ब + ३)

आता दोन्ही गटांत (ब + ३) हा कंस सामाईक दिसतो. तो संपूर्ण कंस एकच संख्या आहे असे मानून बाहेर काढला की (ब + ३)(अ + २) हे अवयव मिळतात. वितरणाचा नियम येथे दोनदा उलट वापरला, एवढेच.

आकृतीच्या साहाय्याने हे अधिक स्पष्ट होईल. ज्या आयताची लांबी अ + २ आणि रुंदी ब + ३ आहे, त्याचे चार लहान आयतांत विभाजन केले, तर त्यांची क्षेत्रफळे अब, ३अ, २ब आणि ६ अशी येतात. अवयव पाडणे म्हणजे हे चार तुकडे जुळवून पुन्हा मूळ आयत उभा करणे.

तुकडे कसेही जोडून मात्र चालत नाही. अब आणि ६ यांचा एक गट केला तर त्यांत सामाईक काहीच सापडत नाही. अशा वेळी जोड्या बदलून पाहाव्यात. शेवटचे पद ६ ऐवजी ७ असते, तर कोणत्याही जोडीने काम झाले नसते. कारण अब व ६ यांचा गुणाकार ३अ व २ब यांच्या गुणाकाराइतका आहे, म्हणूनच हे तुकडे आयतात बसतात.

एखादा तुकडा कमी पडत असेल तर तो पुरविता येतो. भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात असा प्रश्न घातला आहे : दोन संख्यांपैकी एकीची चौपट व दुसरीची तिप्पट यांच्या बेरजेत २ मिळविले असता त्या दोन संख्यांचा गुणाकार येतो, त्या संख्या कोणत्या? अज्ञात राशींचा गुणाकार असलेल्या अशा समीकरणांना ते ‘भावित’ म्हणतात. आपल्या चिन्हांत हे समीकरण असे :

अब − ४अ − ३ब = २

पहिल्या दोन पदांतून अ (ब − ४) मिळते. उरलेल्या − ३ब मधून तोच कंस मिळण्यासाठी १२ हवेत. ते दोन्ही बाजूंस मिळविले की,

अ (ब − ४) − ३ (ब − ४) = १४,
म्हणजेच (अ − ३)(ब − ४) = १४.

धन पूर्णांकांत १४ चे अवयव १ व १४ किंवा २ व ७ एवढेच. त्यांच्या अदलाबदलीसह अ आणि ब यांच्या चार जोड्या मिळतात : ४ व १८, ५ व ११, १० व ६, १७ व ५. ऋण अवयव घेतल्यास दोहोंपैकी एक तरी संख्या ऋण येते.

समीकरण बेरजेच्या रूपात असेपर्यंत एकामागून एक संख्या घालून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि शोध कोठे थांबवावा हेही कळले नसते. गुणाकाराच्या रूपात येताच तो शोध १४ च्या अवयवांपुरता मर्यादित झाला. त्यामुळे धन पूर्णांकांत पाचवी जोडी नाही, असे आपल्याला खात्रीपूर्वक सांगता येते.