बहात्तरचा दुष्काळ आणि मिशनचा हापसा



1972 चा दुष्काळ म्हटला की घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी हमखास आठवतात : खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि लाल मिलो. त्या दुष्काळाचा मुख्य भार शासनाने उचलला. 1973 च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. त्या मानाने ख्रिस्ती चर्चच्या संस्थांची मदत लहानच. पण त्यांच्या एका कामाचा उपयोग आपल्या गावांना पुढे कितीतरी वर्षे झाला. ते काम म्हणजे बोअर आणि हापसा.

आधी या संस्थांचाही भर धान्यवाटपावरच असे. पण वाटलेले धान्य महिन्याभरात संपते आणि पाऊस पडला नाही की पुन्हा तीच रांग लागते. 1966-67 च्या बिहारच्या दुष्काळात हे सर्वांनाच दिसले. 1966 सालीच प्रोटेस्टंट व कॅथलिक मंडळींनी मिळून ‘अफप्रो’ ही संस्था काढली. धान्य पिकवण्याची आणि पाण्याची कायमची सोय करावी, हा तिचा रोख होता.

आपल्याकडे अडचण जमिनीच्या पोटात आहे. वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. आपल्या जुन्या विहिरी बहुतेक मुरमातल्या पाण्यावर चालायच्या. लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला की मुरूम कोरडा आणि विहीर ठणठणीत. कातळाच्या भेगांत पाणी असते खरे, पण पहार-सुरुंगाने तिथवर जायला महिने लागतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने तेच भोक एक-दोन दिवसांत पडते. स्कॉटलंडच्या चर्चच्या जालना मिशनने हे काम 1960 च्या दशकातच हाती घेतले होते.

बोअर झाली, पाणी लागले, पण हापसा टिकेना. त्या वेळचे बिडाचे पंप एका घरापुरते बनवलेले. त्यावर सबंध गाव दिवसभर पाणी भरू लागल्यावर दांड्याची खीळ झिजायची, बीड तडकायचे आणि चांगली बोअर पंपापायी बंद पडायची. जालना आणि सोलापूर इथल्या कारागिरांनी यावर उपाय शोधला. बिडाऐवजी पोलाद घेतले, दांडा एकाच मजबूत आसावर बसवला. सोलापुरी पंपात दांड्याला साखळी जोडली, म्हणजे आतली सळई वाकडी न होता सरळ वर-खाली होते. याच धर्तीवर 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफ आणि शासन यांनी ‘इंडिया मार्क टू’ हापसा तयार करवला. पुढे तो आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला.

हापसा कुठे बसवायचा, हाही प्रश्न होताच. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये आरोग्याचे काम सुरू केले होते. दुष्काळात बोअर घेताना जागा शक्यतो दलित वस्तीत धरावी, असा त्यांचा आग्रह असे. ज्या लोकांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, त्यांच्या दारी सगळ्या गावाला घागर घेऊन जावे लागले. मिशनचे नाव निघाले की धर्मांतराची शंका त्या काळीही घेतली जायची. पण हापशाचा दांडा जो धरील त्याला पाणी मिळे. जात-धर्म विचारायला तिथे कोणी नव्हते.

आता आपल्याबद्दल. साधा मार्क टू साधारण 150 फुटांपर्यंतचे पाणी उचलतो. आपण मात्र उन्हाळ्यात उसाच्या दोन पाळ्या निघाव्यात म्हणून त्याहून कितीतरी खोल जातो. शेजारच्या खोल बोअरने भेगेतले पाणी ओढले की हापसा नुसताच खडखडतो. यासाठीच 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर वा बोअर घेण्यावर बंधन घातले. बहात्तरला गावासाठी पाणी शोधायला बाहेरची माणसे आली. ते पाणी राखायला बाहेरून कोणी येणार नाही. तेव्हा नवी बोअर घेण्याआधी आपल्या शिवारातला हापसा किती अंतरावर आहे, तो चालू आहे की नाही आणि त्यावर कोण पाणी भरते, एवढे प्रत्येक सभासदाने स्वतः जाऊन पाहावे.