बंदीची तारीख, कर्जाची तारीख अन् पहाटेचं जाळं : कोणतं काम कशावर टाकायचं?



वेळ सांभाळायला मोबाईलमध्ये ढीगभर ॲप मिळतात. आपल्या धंद्याला त्यातलं एकही लागत नाही, असं आमचं साफ मत आहे. भिंतीवरचं कॅलेंडर, फोनचा गजर अन् एक वही, एवढं पुरतं. हे तिन्ही घरात आहेच. पण कोणतं काम कशावर टाकायचं यात गडबड होते, अन् ती खिशातून भरावी लागते.

आधी बंदीचं पाहू. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नदीत अन् नदीशी जोडलेल्या पाण्यात मासे धरणं बंद. विकणं अन् वाहून नेणंही बंद. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नदी-नाल्याशी संबंध नसलेली छोटी तळी यातून वगळली आहेत, पण आपलं तळं त्यात बसतं का हे मत्स्य विभागाला विचारल्याशिवाय जाळं टाकू नका.

आपण बोरगाव-सौंसरची माणसं मराठी बातम्या पाहतो. त्यात सांगतात, १ ऑगस्टला बोटी निघाल्या. ती बंदी महाराष्ट्राच्या समुद्राची, १ जून ते ३१ जुलै. ते ऐकून कोणी कन्हानमध्ये डोंगा घातला तर तो पंधरा दिवस आधीच घातला म्हणायचा.

जुनी माणसं तारखेपेक्षा नक्षत्र धरतात. ते चुकीचं नाही बरं. मृग ७-८ जूनला लागतो, त्यानंतर आठवड्याभरानं बंदी. मघा लागायच्या बेतात, म्हणजे १५ ऑगस्टला, ती संपते. नक्षत्र सूर्यावर चालतं, म्हणून दरवर्षी तारखेशी जुळतं. तिथीचं तसं नाही. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला होता, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला, अन् २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. तीन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक! “पोळ्याच्या इतके दिवस आधी बंदी उठते” असा हिशेब ठेवला तर फसलाच.

कोकणातल्या भावांना मात्र तिथीच कामाची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. घड्याळ नसताना हेच त्यांचं घड्याळ होतं. आपल्या धरणा-तलावांना भरती नाही, त्यामुळं तिथी आपल्याला सणासाठी अन् बाजारासाठी. श्रावणात मागणी पडते, तेवढं तिथीवरून पाहा.

म्हणून वर्षातून एकदा येणारी सगळी कामं कॅलेंडरवर, लाल पेनानं. नवं कॅलेंडर टांगलं त्याच दिवशी. ते चुलीजवळ किंवा दाराजवळ हवं, जिथं घरातल्या बाईचीही नजर पडते. बहुतेक घरांत तारखा तीच लक्षात ठेवते.

यातली महाग तारीख कर्जाची. मच्छीमारांना २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मिळतं. २ लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के व्याज, वेळेवर फेडलं तर ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्केच पडतं. १ लाख वर्षभर वापरले तर वेळेवर ४,००० रुपये, चुकलं तर ती ३,००० ची सूट गेली. एवढ्यात जाळ्याची दुरुस्ती निघाली असती. आपली शेवटची तारीख बँकेत विचारून घ्या, अन् लाल गोल त्या तारखेवर करू नका, पंधरा दिवस आधी करा. गोल दिसल्यावर पैसे जमवायलाही वेळ लागतो ना!

गजर रोजच्या वेळेसाठी. संध्याकाळी लावलेलं जाळं उन्हाळ्यात उशिरा उचललं तर मासा मऊ पडतो, अन् व्यापारी लगेच भाव पाडतो. तळ्यात बीज सोडलं असेल तर पहाटेची फेरी त्याहून गरजेची. रात्रभर पाण्यातला ऑक्सिजन कमी होत जातो, अन् उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर ते त्याच वेळी दिसतं. आठ वाजता गेलात तर मेलेले मोजावे लागतात. बटनाचा फोनही यासाठी चालतो. फक्त गजर उशाशी नको, खाटेपासून चार पावलं लांब ठेवा. घरात कोणी औद्योगिक क्षेत्रात रात्रपाळीहून आलेलं असेल तर त्याची झोप मोडणार नाही असा आवाज ठेवा.

वही झालेल्या कामासाठी. बीज कधी सोडलं, किती सोडलं, खाद्य केव्हा टाकलं, डोंग्याला डांबर केव्हा लावलं. रोज दोन ओळी. लिहिता येत नसेल तर शाळेतलं पोरगं लिहील. पुढच्या वर्षी रोहू-कतला किती महिन्यांत विकण्याजोगा झाला हे वहीतूनच कळेल. आठवणीवर ठेवलं तर दोन भाऊ दोन महिने सांगतात.

राहिली तलावावरची पाळी. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवू नका. सकाळच्या शुभेच्छांच्या खाली पाळीचा मेसेज बुडतो, मग “मी पाहिलाच नाही” यावरून भांडण. जिथं डोंगे बांधतो तिथं एक काळी पाटी अन् खडू ठेवा. आज कोण, उद्या कोण, दोनच नावं. संध्याकाळी जाणारा माणूस वरचं नाव पुसेल अन् खाली नवं लिहील. पावसाळ्यात पाटी शेडच्या आत.