समुपदेशनातला उपदेश

तीन वर्षांपूर्वी आमच्या कन्येने बारावीनंतर मानसशास्त्र घेण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा सीताबर्डीच्या मेन रोडमागच्या आमच्या घरात बरीच खळबळ उडाली. मातोश्रींनी विचारले, "म्हणजे रोज पागलखाना चौकात जावं लागेल का गं?" नागपूरकरांना हा चौक ठाऊकच आहे. तिथल्या संस्थेचे नाव प्रादेशिक मनोरुग्णालय असे झाले, तरी चौकाचे जुने नाव आमच्या तोंडून काही सुटलेले नाही. शेजारचे काका पुढे सरसावले. "मग सांग पाहू, माझ्या मनात या क्षणी काय चाललंय?" कन्या म्हणाली, "चहा!" उत्तर अचूक होते, पण त्यात मानसशास्त्र कसले? संध्याकाळचे साडेचार वाजले होते.

मी मात्र मनातून थोडा खट्टू झालो. मराठीच्या प्राध्यापकाच्या मुलीने मन वाचायला दुसऱ्या विभागात जावे! पण गेल्या तीन वर्षांत तिच्या वह्या चाळताना माझाच अभ्यास झाला. 'मनाचे शास्त्र म्हणजे गप्पांचे शास्त्र' असे मानणाऱ्या पालकांसाठी त्यातले थोडेसे इथे सांगतो.

या विषयाची प्रयोगशाळा असते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जर्मनीत लाइप्झिगला व्हुंटने ती १८७९ साली थाटली. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. आणि आपल्या शेजारच्या धारवाडात कामत नावाच्या अभ्यासकाने फ्रान्समधल्या बिनेची बुद्धिमापन कसोटी कानडी व मराठी मुलांसाठी नव्याने बसवली. १९३४ सालची ही बिने-कामत कसोटी पुढे देशभर वापरली गेली. परक्या मुलांचे प्रश्न नुसते भाषांतर करून आपल्या मुलांना घालता येत नाहीत, हे त्यामागचे शहाणपण कोणत्याही भाषाशिक्षकाला पटावे.

पदवीच्या वर्गात संवेदन, अवधान, स्मृती, भावना, बालकाचा विकास, समूहाचे वागणे असे विषय क्रमाने येतात. संख्याशास्त्रही येते, आणि गणिताला रामराम ठोकून कलाशाखेत आलेल्या मुलांचे चेहरे तिथे उतरतात. प्रात्यक्षिकांची मौज निराळीच. एका रविवारी कन्येने मला आरशासमोर बसवले. कागदावरची चांदणी आरशात पाहत पेन्सिलीने गिरवायची. खरा कागद पुस्तकाआड झाकलेला. मी हसत सुरुवात केली आणि पहिल्याच कोपऱ्यावर अडलो. डोळ्यांना वाट दिसत होती, पण हात हट्टाने उलट दिशेला जात होता. पाचव्या खेपेस कुठे रेघ जरा सरळ आली. आमची ही तिसऱ्याच खेपेस पार झाली, हे प्रयोगवहीत नोंदले गेले आहेच! कन्या म्हणाली, "बाबा, नवं शिकणं एवढं अवघड नसतं. जुनी सवय आड येते."

हे वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेले. पुढे तिसऱ्या वर्षी समुपदेशनाचा अभ्यास आला आणि ते मला झोंबले. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ सालच्या आपल्या ग्रंथात सल्ला देण्याच्या रूढीलाच हात घातला. समोरच्याला न जोखता समजून घ्या, म्हणजे तो आपली वाट आपण शोधू लागतो, असे त्याचे सांगणे. वर्गात मुलांच्या जोड्या लावतात. एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे, आणि ऐकलेले त्याला आपल्या शब्दांत परत सांगायचे. सल्ला देण्यास मनाई. "पाच मिनिटंसुद्धा जमत नाही हो, बाबा," ती म्हणाली.

मला माझाच एक विद्यार्थी आठवला. दहा-बारा वर्षांपूर्वी खेड्यातून आलेला हा मुलगा एकदा तास संपल्यावर घुटमळला. "सर, जरा बोलायचं होतं." वर्गात तो मागे पडत होता, हे मला ठाऊक होते. मी त्याला बसवून घेतले आणि जिद्द, चिकाटी, आईवडिलांचे कष्ट यांवर पाऊण तास बोललो. "हो सर" म्हणत तो उठला. पुढच्या सत्रात तो दिसला नाही. मागल्या दिवाळीच्या खरेदीला बर्डीवर गेलो, तर एका कापडाच्या दुकानात तोच लुगड्यांच्या घड्या उलगडून दाखवीत होता. त्याने वाकून नमस्कार केला. मी विचारले, "त्या दिवशी काय सांगायचं होतं रे?" तो सहज म्हणाला, "बाबांनी शेत विकलं होतं, सर. पण तुम्ही बोलत होता." त्याच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

मी ऐकून घेतले असते तर तो शिकला असता, असा माझा दावा नाही. शेत काही परत आले नसते. पण फीची, वसतिगृहाची काही खटपट करता आली असती. निदान ते दुःख सांगायला त्याला एक माणूस मिळाला असता.

पालकांनी एक व्यवहारही ध्यानात ठेवावा. बी.ए. झाले म्हणजे दारावर समुपदेशकाची पाटी लावता येत नाही. त्यासाठी पुढे एम.ए. आणि जाणत्यांच्या देखरेखीखाली सराव हवा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ तर वैद्यकातून आलेला डॉक्टर असतो. घरबसल्या पदवी मिळवण्याची वाटही आता नाही. २०२५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने हा विषय दूरस्थ पद्धतीने शिकवणे बंद केले आहे. आपल्याला काय येत नाही आणि कुणाला कुणाकडे पाठवावे, हे कळणे हीसुद्धा या पदवीची मोठी कमाई आहे.

राहता राहिला शब्द. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' दडला आहे, म्हणून मी एकदा कन्येला चिडवले. मग स्वतःच फोड करून पाहिली. 'उप' म्हणजे जवळ, 'दिश्' म्हणजे दाखवणे. जवळ जाऊन दाखवणे, तो उपदेश! शब्द बिचारा निर्दोष निघाला. आम्हीच जवळ जाण्याचे विसरलो आणि लांबूनच बोट दाखवत बसलो.

हल्ली कुणी "सर, जरा बोलायचं होतं" म्हणाला, की मी खुर्ची पुढे ओढतो आणि गप्प बसतो. आरशातल्या चांदणीसारखेच होते. जीभ जुन्या वाटेने धाव घेते. पण पाचव्या खेपेस रेघ जरा सरळ येते.