कै. अनसूयाबाई काळे आणि ‘सरकारनियुक्त’ हा शब्द

जुन्या मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलाचे छापील कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ‘सरकारनियुक्त’ या शब्दापाशीं अंमळ थांबावें, अशी आमची विनंती आहे. या एका शब्दानें वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव फार.

आमच्या हिवरा आश्रमाचेंच उदाहरण घेऊं. हें गांव मेहकर तालुक्यांतील, म्हणजे वऱ्हाडांतील. वऱ्हाडचा कारभार 1853 पासून इंग्रजांच्या हातीं होता व 1903 सालीं तो मध्यप्रांतास जोडला गेला. तरी मुलूख नांवानें निजामाचाच राहिला. यामुळें 1919 च्या कायद्याखालीं वऱ्हाडच्या मतदारांनीं निवडलेले गृहस्थ कौन्सिलांत थेट बसत नसत; निवडणूक आटोपल्यावर गव्हर्नरानें त्यांची नेमणूक करावयाची, असा द्राविडी प्राणायाम होता. तेव्हां इकडचा लोकांनीं निवडलेला प्रतिनिधीही कागदोपत्रीं ‘नियुक्त’च.

अनसूयाबाईंची गोष्ट निराळी. 1928 सालीं त्या नागपूरच्या कौन्सिलांत आल्या त्या खरोखरच सरकारच्या नेमणुकीनें. जन्म 1896, माहेर भाटे यांचें, शिक्षण पुण्याची हुजूरपागा, फर्ग्युसन व बडोदें कॉलेज येथें. नागपुरास 1920 सालीं त्यांनीं भगिनीमंडळ काढलें होतें. मैत्रायणी संहितेंत पुरुष सभेस जातात, स्त्रिया जात नाहींत, असें सांगितलें आहे. परंतु ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत ‘सभावती’ हा शब्द स्त्रीच्या उपमेसह आला आहे, हें आमचे शास्त्रीमित्र सहसा सांगत नाहींत.

नेमणूक सरकारची, म्हणून बाई सरकारच्या, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. 1930 सालीं कायदेभंगाची चळवळ सुरू होतांच त्यांनीं ती जागा सोडली व तुरुंगवास पत्करला. सरकारनें दिलेली खुर्ची सरकारच्याच निषेधार्थ सोडावयाची, यास लोकांनीं दिलेली खुर्ची सोडण्याहून कमी धैर्य लागतें असें आम्हांस वाटत नाहीं.

नव्या कायद्यानें 1937 सालीं मध्यप्रांत व वऱ्हाडची असेंब्ली भरली. जागा 112, त्यांत स्त्रियांसाठीं राखलेल्या अवघ्या 3. या वेळीं अनसूयाबाई निवडून आल्या आणि डेप्युटी स्पीकर झाल्या. स्पीकर घनश्यामसिंह गुप्त होते. मद्रासेंत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांस कौन्सिलाच्या उपाध्यक्षपदाचा मान 1927 सालींच मिळाला होता, म्हणून अनसूयाबाईंस हिंदुस्थानांत पहिल्या म्हणतां येणार नाहीं. 1939 च्या अखेरीस काँग्रेसचीं मंत्रिमंडळें बाहेर पडलीं व सभेचें काम थांबलें.

परंतु त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठें कार्य सभागृहाबाहेरचें आहे. 1942 च्या ऑगस्टांत वर्धा जिल्ह्यांत आष्टी व चांदा जिल्ह्यांत चिमूर येथें लोकांचा उठाव झाला; पोलीस व अधिकारी मारले गेले; मागाहून चिमुरास लष्कर व पोलीस आले, आणि तेथील स्त्रियांवर जें गुदरलें त्याच्या चौकशीसाठीं प्रा. भन्साळी यांनीं 60 हून अधिक दिवस उपोषण केलें. खटल्यांत अनेकांस फांशीची शिक्षा झाली. या माणसांचे प्राण वांचविण्यासाठीं जी दीर्घ खटपट झाली तींत अनसूयाबाई पुढें होत्या. अखेर 1945 सालीं उरलेल्या फांशीच्या शिक्षा जन्मठेपेंत बदलल्या गेल्या.

पुढें 1948 सालीं त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. 1952 व 1957 सालीं नागपुरांतून लोकसभेवर गेल्या. 1958 सालीं वारल्या. त्यांच्या रिकाम्या जागेवर 1959 सालीं बापूजी अणे आले. 1930 सालीं पुसदचा जंगलसत्याग्रह आरंभिणारे ते हेच.

संग्राहकांस एवढेंच सुचवितों कीं, 1942 ते 1945 मधील दयेचे अर्ज, सह्यांचे ताव, स्त्रीमंडळांचीं हस्तपत्रकें हीं अजून वऱ्हाडांतल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर पडलेलीं असावींत. मोडी दस्त शोधतांना असे कागद हातीं आले तर ‘अलीकडचे’ म्हणून बाजूस न टाकतां त्यांवरील तारखा व सह्या प्रथम टिपून घ्याव्या.